मॉलच्या व्यवस्थापकांस अनावृत पत्र

सन्माननीय व्यवस्थापक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या, ठाण्यातल्या किंवा नाशकातल्या कोणत्याही मॉलच्या व्यवस्थापकाने हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजावे. पत्र आभाराचे आहे. तान्हे मूल असलेल्या बाईला दोन तास घराबाहेर काढून बरे वाटेल अशी जागा शहरात कुठे आहे, याचा शोध घेऊ लागले की तो तुमच्याच दाराशी येऊन संपतो. सरकारने या बाईच्या सहली ठरवून दिल्या आहेत, नाही असे नाही. लसीकरणाच्या कार्डावर त्या तारखांसकट लिहिलेल्या असतात: बाळाला सहा आठवडे झाले की एक, मग दहाव्या आठवड्यात, मग चौदाव्या, आणि त्यानंतर गोवर-रुबेलाची, थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर. मधल्या काळात बाळ-बाळंतिणीने काय करावे, याविषयी शासन मौन पाळते. ते मौन मोडायला हल्ली पुष्कळजण पुढे आले आहेत. बाळासोबत योगासने करा, संगीताच्या वर्गाला जा, बागेत चादर अंथरून मैत्रिणींना बोलवा, असे सल्ले रोज मिळतात. एकही सल्ला वाईट नाही. फक्त घराचा उंबरठा आणि ती चादर यांच्यामध्ये एक शहर पसरलेले असते, त्याचा उल्लेख सल्ल्यात नसतो.

हे शहर बाबागाडीच्या उंचीवरून पाहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून जास्त असू नये आणि चालायला निदान १.८ मीटर रुंदी मोकळी मिळावी. आपल्याकडचा सर्वसाधारण पदपथ गुडघ्याकडे झेपावतो, प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी खाली कोसळतो, पुन्हा वर चढतो, आणि मधली मोकळी रुंदी विजेची डीपी, दुचाक्या आणि फ्लेक्सचे बांबू आपसांत वाटून घेतात. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सपाट पदपथ करून दाखवला आहे, म्हणजे ते जमत नाही अशातला भाग नाही. पण त्या पदपथापर्यंत पोचायला आधी रिक्षा करावी लागते. बागांची तऱ्हा तर आणखी न्यारी. पुणे महापालिकेची बहुतेक उद्याने सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सकाळी या बाईच्या घरी मालिश, अंघोळ, शेक, धुरी चाललेली असते. संध्याकाळी बाळ किरकिरे होते आणि बागेत पाय ठेवायला जागा नसते. तिला मोकळा वेळ मिळतो तो अकरा ते चार, आणि नेमक्या तेवढ्याच वेळात झाडांच्या सावलीला कुलूप असते. वेळापत्रक आखणाऱ्याच्या मनात जॉगिंग करणारे होते, निवृत्त आजोबा होते, शाळेतून सुटलेली मुले होती. एवढ्या सगळ्यांत ही एक बाई कशी राहून गेली कोण जाणे.

तुमच्याकडे मात्र ती राहून गेली नाही. फरशी सपाट आहे, उतार आहे, लिफ्ट चालू आहे, बसायला बाक आहे, आणि बऱ्याच मॉलमध्ये बाळाचे कपडे बदलायची फळीसुद्धा आहे. हे सारे तुम्ही वात्सल्यापोटी केले, असा गैरसमज कोणाचाही नाही. माणूस जितका जास्त वेळ थांबतो तितकी जास्त खरेदी करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि बाळ रडू लागले की आई थांबत नाही, हेही. ती थांबण्यात तुमचा फायदा आहे. महापालिकेचा तिच्या थांबण्यात काहीच फायदा नाही, म्हणून महापालिकेचे बाक उन्हात आणि तुमचे वातानुकूलित. लोकसेवेला जे मूल दिसले नाही ते नफ्याला दिसले, ही गोष्ट तुमच्या गौरवाची आहे आणि बाकी सर्वांच्या लाजेची.

महाराष्ट्राला मात्र या बाबतीत एक परंपरा आहे, आणि ती आम्ही विसरलेलो नाही. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे मिटले आणि घरी तान्हे मूल असलेली हिरकणी अंधारात कडा उतरून गेली, असे दंतकथा सांगते. तिच्या नावाचा बुरूज आहे, एसटीच्या निमआराम गाड्या आहेत, आणि एसटी स्थानकांत व सरकारी कार्यालयांत स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्षही आहेत. कल्पना उत्तम. फक्त जिच्यासाठी दरवाजा उघडला गेला नाही त्याच बाईचे नाव दिलेल्या खोलीला अनेकदा कुलूप असते, हे दंतकथेला जरा जास्तच धरून झाले. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा साऱ्या राज्याने कौतुक केले. पुढच्याच मुंबईच्या अधिवेशनात विधान भवनातल्या कक्षातली धूळ आणि गैरसोय पाहून त्याच आमदारांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. कायदे करणाऱ्या बाईची ही गत, तर बसची वाट पाहणारीने काय बोलावे?

यावर घराघरांतून एक आक्षेप येतो: आमच्या वेळी कुठे होत्या बाबागाड्या? मूल कडेवर घेत होतो, कुठे फिरायला जात नव्हतो, काही बिघडले नाही. बिघडले की नाही हे तेव्हा कोणी विचारत नव्हते, हा मुद्दा बाजूला ठेवू. खरा फरक घराच्या रचनेतला आहे. वाड्याला चौक होता, चाळीला गॅलरी होती, दाराबाहेर पाऊल टाकले की बाळाला घ्यायला चार हात आणि बोलायला चार तोंडे मिळत. त्या बायकांना बाहेर जावे लागत नव्हते, कारण बाहेरचे जग दाराशीच येऊन बसलेले असे. आज अकराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सव्वा महिन्यानंतर माहेरची माणसे परततात, नवरा कामावर जातो आणि दिवसभर बोलायला उरते ते न बोलणारे मूल. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. बागेत चक्कर मारल्याने हा आजार बरा होतो असा दावा कोणी करू नये. त्याला डॉक्टर लागतो. पण चार भिंतींतला एकटेपणा त्याला खतपाणी घालतो, आणि त्या एकटेपणावर शहराला काही करता येण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप संसर्गाचा. एवढ्या लहान जिवाला गर्दीत नेऊ नये, असे डॉक्टर सांगतात, आजीही सांगते. दोघांचेही बरोबर आहे. पण गर्दीची बंदिस्त हवा तुमच्या मॉलमध्ये आहे, व्यवस्थापक महोदय, आणि मोकळी हवा कुलपाआडच्या बागेत. म्हणजे या आक्षेपातून निष्कर्ष निघतो तो बाग उघडण्याचा, बाईला कोंडण्याचा नव्हे. तिसरे म्हणणे असे की हे सुखवस्तूंचे चोचले आहेत. बांधकामावरची मजूर बाई झाडाला झोळी बांधून कामाला लागते, तिला कुठल्या सहली? नेमके तिच्यासाठीच तुमचा मॉल पुरेसा नाही. तिच्याकडे तुमचा सुरक्षारक्षक ज्या नजरेने पाहतो, ती पाहता ती दुसऱ्यांदा येणार नाही. सव्वीस आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदाही प्रत्यक्षात तिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. बहुतेक बागांना तिकीट नसते, पदपथाला पहारेकरी नसतो, म्हणून त्या दोन गोष्टी तिच्याही कामाच्या.

तुमचा पाहुणचारही किती खोल आहे, ते एकदा कळले आहे. २०१८ साली कोलकात्याच्या एका मॉलमध्ये बाळाला पाजायला जागा मागणाऱ्या आईला स्वच्छतागृहाकडे बोट दाखवले गेले, आणि तिने तक्रार केल्यावर घरची कामे घरीच करून या, अशा अर्थाचे उत्तर मॉलने जाहीरपणे दिले. टीका झाल्यावर माफीही मागितली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सार्वजनिक ठिकाणी स्तनपानाकडे कलंक म्हणून पाहू नये, असे बजावले आणि सार्वजनिक इमारतींत त्यासाठी सोय करण्याकडे राज्यांचे लक्ष वेधले. तुमची इमारत खासगी असली तरी वाचायला हरकत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की बाळाच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी ठेवू नयेत आणि तिची किल्ली शोधायला कोणाला तळमजल्यावर पाठवू नये. बाकीचे काम तुमचे नाही. ते ज्यांचे आहे त्यांना या पत्राची प्रत जोडली आहे.

कळावे, लोभ असावा.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: महापालिकेचा उद्यान विभाग. दुपारी अकरा ते चार बागेचे एक फाटक उघडे ठेवण्यास नेमकी कोणती अडचण आहे, ते लेखी कळवावे.