तटस्थ घाल, बाळा

आमच्या दारावरच्या पाटीवर ‘प्रा. डॉ.’ ही अक्षरं इतकी ठसठशीत आहेत की, पुढचं नाव वाचायला पायरी चढून यावं लागतं. रात्री-अपरात्री कुणी पोटदुखीचा पेशंट घेऊन आलं, तर बायको खिडकीतूनच सांगते, “हे औषध देत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात.” समाजकार्याच्या प्राध्यापकाची इतकी नेमकी व्याख्या अजून कुठल्या क्रमिक पुस्तकात आलेली नाही.

बारामती-इंदापूर पट्ट्यात राहून संशोधनाला विषय मिळत नाही म्हणणारा माणूस एक तर आळशी असावा, नाही तर पुण्याचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचं धुराडं पेटलं की ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. इकडे उजनीचे धरणग्रस्त, भिगवणचे मच्छीमार आणि गल्लोगल्ली बचत गट. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, त्याच सुमारास समाजकार्याच्या (एमएसडब्ल्यू) विद्यार्थ्यांचे थवेही गावोगाव उतरतात. फरक एवढाच की, रोहितांना लोक मोजतात आणि आमची पोरं लोकांना मोजतात.

लोकही आता तयार झालेत. धरणात गाव गेलेल्या एका आजींपुढे माझा विद्यार्थी मुलाखत अनुसूची घेऊन बसला होता. “पुनर्वसनामुळे आपले जीवनमान उंचावले, या विधानाशी आपण...” एवढंच तो वाचतोय, तोवर शेंगा निवडता निवडता आजी म्हणाल्या, “तटस्थ घाल, बाळा. सहमत म्हटलं की तू ‘का’ विचारतोस, अन् असहमत म्हटलं की रडायला लावतोस.” सांख्यिकी शिकवताना मी मधल्या पर्यायाचं इतकं सोपं स्पष्टीकरण आजवर देऊ शकलेलो नाही.

आजींना ही जाण आली, त्यात नवल नाही. इंदापूर तालुका उत्तरं देऊन देऊनच मुरलेला आहे, आणि इथे मला जमीन मोजणाऱ्या विंगेटसाहेबाबद्दल बोलणं भागच आहे. (वर्गात मी ‘विंगेट’ म्हटलं की मागच्या बाकावरची मंडळी डबे उघडतात. माझं टोपणनावही तेच आहे. मी रागावल्यासारखं करतो, पण मनातून सुखावतो.)

तर पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने इकडच्या जमिनींची पाहणी केली. हा हेलीबरी कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेला, रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाच्या खंडसिद्धान्ताने भारलेला हुशार गडी. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा, असं त्याचं शास्त्र. गणित चोख होतं, पण रयतेला ते झेपेना. जमिनी पडीक पडल्या, माणसं गाव सोडून गेली. मग 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या जोडीने इंदापुरातच नव्याने मोजणी मांडली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाची आकडेमोड गुंडाळली आणि मातीचा रंग नि खोली पाहून प्रत ठरवायला सुरुवात केली. दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. पुढे हीच पद्धत मुंबई इलाखाभर गेली आणि जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची.

साधारण शंभर वर्षांनी, 1936 साली, मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या हाताखाली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. देशातल्या समाजकार्य शिक्षणाचा जन्म मुंबईचा, हे मी मान्य करतो. पण शास्त्र फसल्यावर खाली वाकून माती बघायची अक्कल साहेबाला इंदापुरात आली, हे मी प्रत्येक चर्चासत्रात सांगतो. अध्यक्ष घंटी वाजवतात. मी तटस्थ राहतो.

आता जरा वेगळं. एका हंगामात मी स्वतः कोपीवर गेलो होतो. तिथली एक बाई फडातून येऊन चूल पेटवत होती. धूर डोळ्यांत जात होता, मांडीवर पोर होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, मागच्या सालची राहिलेली बाकी, सगळं तिने आकड्यांनिशी सांगितलं. मध्येच उठून चहाही दिला, माझ्यासाठी वेगळा, साखर जास्त घालून. तिच्या उचलीवर माझा शोधनिबंध झाला, निबंधाचे गुण झाले आणि गुणांची पदोन्नती झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तक्त्यात शोधनिबंधाला गुण आहेत, परिषदेत वाचन केलं तर त्याचेही आहेत. पुन्हा त्या कोपीवर जाऊन ‘बाई, तुम्ही सांगितलंत त्याचं हे असं झालं’ एवढं सांगून येण्याला मात्र रकाना नाही. ज्याला रकाना नाही, ते आमच्यात कुणी करत नाही. माझा पगार वाढला, तिची बाकी पुढच्या हंगामावर गेली.

अशा बाकीवरचा राग इथे जुनाच. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जरोखे हुडकून हुडकून जाळले. सुपे आज बारामती तालुक्यातच आहे. कोणता कागद आपल्या मुळावर आलाय आणि कोणता निरुपद्रवी आहे, हे इथल्या माणसांना पहिल्यापासून कळतं. त्यामुळे माझा धरणग्रस्तांवरचा प्रबंध ग्रंथालयात अगदी सुखरूप आहे.

तो मी एकदा त्या आजींना नेऊन दाखवला. म्हटलं, यात तुम्हीही आहात. त्यांनी हात पुसून चष्मा लावला, पानं उलटली आणि विचारलं, “माझं नाव कुठंय?” मी गोपनीयतेचं तत्त्व समजावलं. उत्तरदात्याची ओळख उघड करायची नसते, समाजकार्याचं ते मूल्यच आहे, वगैरे. आजींनी प्रबंध मिटला. रेक्झिनच्या लाल पुठ्ठ्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत, पदव्यांसकट झळकत होतं. त्यावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, “आणि हे कुणाचं उघडं राहिलंय?”