अध्यक्षपद आणि पाच किलोमीटर

कन्येने क्रॉसकंट्री धावावी की स्टुडंट कौन्सिलच्या अध्यक्षपदाला उभं राहावं, यावर आमच्या न्यू जर्सीतल्या घरात सध्या खल चालू आहे. दोन्ही शाळा सुटल्यावरच, त्यामुळे एकच जमेल. मी अर्थात अध्यक्षपदाच्या बाजूचा. कॉलेजप्रवेशाच्या ‘कॉमन ॲप’ या अर्जात उपक्रमांना जागा 10, प्रत्येकाचं वर्णन 150 अक्षरांत, आणि पदासाठी 50 अक्षरांचा स्वतंत्र रकाना! तो रिकामा राहणार या विचाराने माझी झोप उडाली.

कारण नेतृत्व आमच्या रक्तात आहे. मी सातवीत मॉनिटर होतो. बाई ऑफिसात गेल्या की खडू माझ्या हाती. बोलणाऱ्याचं नाव फळ्यावर, पुन्हा बोलला की पुढे फुली, आणि फुल्या मोजून छड्या. राजवट कडक, पण निर्दय नव्हे. पेरू मिळाला की फुली पुसली जाई. चिंचेवर नुसती ताकीद देऊन सोडत असे. माझ्या बाकावरची मुलं तर जन्मजात मौनी होती. हा प्रशासकीय अनुभव मागणारा अर्ज तेव्हा असता तर मी आज हार्वर्डचा असतो. सुट्टीत मला क्रिकेटला कुणी बोलवत नसे, हे मात्र मी कन्येला सांगितलेलं नाही.

बायको म्हणते, खेळावर प्रवेश मिळतो. मिळतो, पण कोचने हेरलेल्यांना. काही श्रीमंत पालकांनी लाच देऊन पोरांना कागदोपत्री वॉटरपोलोपटू केल्याचं 2019 साली उघडकीला आलं. आमची कन्या निकालात खालून वाचत गेलं की लवकर सापडते. तिच्यासाठी दिलेली लाचही बुडेल.

“मग धावतेस कशाला?” मी विचारलं.

“बाबा, शेवटच्या चढावर सगळ्या जणी थांबून माझ्या नावाने ओरडतात.”

मी तेव्हा अर्जातले ‘आठवड्याचे तास’ भरत होतो. त्या रकान्याचा एकदम संताप आला. पोरीच्या संध्याकाळचा हिशेब मागणारे हे कोण? आणि तो निमूटपणे मांडून देणारा मी तरी कोण?

यंदा ती धावते आहे. मी हौसेने छापून आणलेली प्रचारपत्रकं गठ्ठ्याने घरात पडून आहेत. मागची बाजू कोरी आहे. कुणाला वाणसामानाच्या याद्या करायला हवी असतील तर घेऊन जा.