कार्डभाऊ

जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात: उघडणाऱ्या आणि न उघडणाऱ्या. पैकी दुसऱ्या प्रकाराला धाडचे कार्डभाऊ वस्तूच मानत नाहीत. त्यांच्या घरातल्या कूलरचा पंप, मोटर, जाळ्या आणि शेवटी पत्राही बदलून झालाय; तरी पाहुण्यांना ते अभिमानानं सांगतात, "आमच्या लग्नातला हाये."

बुलढाणा तालुक्याच्या टोकाला, जालना जिल्ह्याच्या शिवेलगतच्या या गावात कार्डभाऊ घरोघरी इंटरनेट पुरवतात. त्यांच्या माडीवर सिस्को कंपनीचा 7206 राऊटर आहे. कंपनीनं ही मालिका विकणं 2012 मध्ये थांबवलं. कार्डभाऊंनी आपला नग त्यानंतर, जुन्या बाजारातून, वजनावर घेतला. भरलेला डबा वीस किलोच्या वर जातो, तेव्हा भावही त्यांनी किलोवरच पाडून घेतला.

'नेट हळू चालतं' अशी तक्रार घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला आधी चहा मिळतो, मग माडी. पुढून सहा कार्डांच्या खाचा. मागून मेंदू, म्हणजे प्रोसेसर, आणि दोन पॉवर सप्लाय. ही सगळी मंडळी आतल्या एका उभ्या पाटीला येऊन भिडतात, तिला मिडप्लेन म्हणायचं. "डबा तोच. त्यातला मानूस बदलायचा," असं म्हणत कार्डभाऊ खटका उचलतात आणि चालू मशीनमधून एक कार्ड सरळ ओढून बाहेर काढतात. गिऱ्हाईक दचकतं. "पाहा! पडलं का बंद?"

मशीन बंद पडलेलं नसतं. त्या कार्डावर लटकलेली अर्धी आळी बंद पडलेली असते. खालून हाका यायला लागतात. कार्डभाऊ शांतपणे त्याच जातीचं दुसरं कार्ड बसवतात. मशीन जुनं कॉन्फिगरेशन आपोआप उचलतं आणि आळी पुन्हा ऑनलाइन येते. मूळ तक्रार काय होती, हे तोवर गिऱ्हाईकही विसरलेलं असतं.

मेंदूचा इतिहास वेगळा सांगावा लागतो. आधी एनपीई-400 होता, सेकंदाला चार लाख पॅकेटं हलवणारा. मग जी-1 आला, दहा लाखांचा; मग जी-2, वीस लाखांचा. हे नवे मेंदू आपले पोर्ट आपल्या अंगावरच घेऊन येतात, त्यामुळे डब्यातल्या इनपुट-आउटपुट कंट्रोलरला कामच उरलं नाही. तरी कार्डभाऊंनी तो काढला नाही. "जुनं मानूस हाये. कायले काढायचं?"

कार्ड चालू मशीनमधून निघतं; मेंदू निघत नाही. त्यासाठी सगळं बंद करावं लागतं. त्या रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना येते: 'आज रात्री बारा ते एक मेंदू बदली.' तिच्याखाली सकाळपर्यंत शंभर टवाळ उत्तरं जमतात, आणि त्यातलं एकही बारा ते एकमधलं नसतं.

मुलानं पुण्याहून एकदा तळहाताएवढा राऊटर आणला. वीज नावाला खातो, म्हणाला. कार्डभाऊंनी तो उलटापालटा केला. "यातलं काय काय निघतं?"

"काहीच नाही, बाबा. प्रोसेसर, मेमरी, पोर्ट सगळं एकाच पट्टीवर. बिघडला की नवा घ्यायचा."

"म्हंजे एक पोर्ट गेलं त आख्खी वरात वापस?" तो राऊटर आजही टेबलावर बिलांच्या कागदांवर ठेवलेला आहे. वाऱ्यानं कागद उडत नाहीत, एवढं काम तो चोख करतो.

कार्डभाऊ तत्त्वानं चुकीचे नाहीत. एका भागाच्या मरणानं सगळ्यांचं सुतक येऊ नये, म्हणून तर असली यंत्रं बनली. दोन पॉवर सप्लाय त्यासाठीच असतात: एक गेला तर दुसरा सांभाळेल. कार्डभाऊंकडे मात्र दोघांच्याही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात जातात, आणि त्याच बोर्डावर लग्नातला कूलर आहे.

ते भोकरदनला एका लग्नाला गेले आणि नेट बंद पडलं. पासवर्ड त्यांच्या डोक्यात, फोन जेवणावळीच्या गोंगाटात. परतल्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, "तुमच्या मशीनमधी सगळ्याले जोडीदार हाये. तुमच्या जागी कोन हाये?"

प्रश्न बिनतोड होता. कार्डभाऊंनी भाच्याला स्टँडबाय नेमलं आणि पासवर्ड दिला, पण अर्धा. उरलेला अर्धा काकूंना. सगळं एकाच पट्टीवर नसावं, हे तत्त्व! आता राऊटर उघडायचा तर मामी-भाच्यांनी एकत्र यायला हवं, आणि अंगणात कुणाची गाडी लागावी यावरून त्या दोघांचं बोलणं बंद आहे. लग्नसराई तोंडावर आलीय. गिऱ्हाइकं पत्रिका आधी कार्डभाऊंच्या घरी बघतात, मग पंचांग.