विकणे आहे, फोटो मागाहून

बैल विकायचा म्हणजे पूर्वी भलताच ताप. घेणारा जबडा उघडून दात बघणार, चार पावलं चालवून पाय बघणार. डांगी जातीचा असेल तर कातडीवर हात फिरवून तेलकटपणा तपासणार, कारण त्याच्याच जोरावर तो नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पावसात उभा राहतो. एवढं करून भाव ठरायचा उपरण्याखाली, बोटं दाबून. आता ती कटकट संपली. ग्रुपवर फोटो टाकायचा, ‘बोली कमेंटमध्ये, रात्री ९ ला बंद’ असं लिहायचं, की लिलाव सुरू.

फोटोचं तंत्र मात्र शिकून घेतलं पाहिजे. मधोमध मालक, गॉगल लावून. त्याच्या खांद्यामागून बैलाचं एक शिंग. दातांवरचं वय, म्हणजे आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेला, हे लिहायचं नाही. कोणी विचारलंच तर ‘समक्ष येऊन बघा’. समक्षच यायचं तर मोबाइलवर लिलाव कशाला, असं म्हणणाऱ्याला ग्रुपमधून काढायचं. किंमत इनबॉक्समध्ये. शेवटी ‘फक्त गरजूंनीच संपर्क साधावा’. खरा गरजू कोण, हे तीच पोस्ट बाराव्यांदा वर आली की कळतं.

ठिकाण लिहावं नुसतं ‘पेठ’. पुण्याचा माणूस विचारतो, ‘सदाशिव की नारायण?’ सांगलीकडचा वाळव्यातल्या पेठेत जाऊन फोन लावतो. त्याहून हुशार विक्रेते ‘नाशिकजवळ’ लिहितात. मधले पन्नासावर किलोमीटर आणि सावळघाट गिऱ्हाइकानं स्वतः शोधून काढायचे.

पण खरी कला बघावी जमिनीच्या जाहिरातीत. ‘डोंगराचा व्ह्यू, बारमाही धबधबा, सातबारा क्लिअर, मुंबईकरांना सुवर्णसंधी.’ एक बारीकशी गोष्ट तेवढी लिहायची राहते. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६अ कलमाप्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीसुद्धा शासनाची पूर्वमान्यता घेऊन. हे कलम १९७४ पासून आहे. एवढ्या वर्षांत त्याला जाहिरातीत एक ओळ मिळाली नाही, धबधब्याचे चार फोटो मात्र मावतात. (सगळे ऑगस्टमधले. मे महिन्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात, त्यांचा फोटो कोणी काढत नाही.)

अर्थात हे सगळे नवशिके. गुरुकुल आहे ते बँकांकडे. थकीत कर्जापोटी तारण विकायची मुभा देणारा सरफेसी कायदा २००२ चा. त्याखालच्या लिलावाची नोटीस स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रातही द्यावी लागते. ती एकदा भिंग घेऊन वाचाच. माल कसा आहे? ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे.’ अद्वैताची एवढी सोपी मांडणी भल्या भल्या आचार्यांना जमली नाही. घराचा फोटो नाही, पण चतुःसीमा आहे: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस दुसऱ्याची मिळकत. आत कोण राहतं, घरपट्टी किती वर्षांची थकली आहे, याचा तपास घेणाऱ्यानं करायचा. आणि बोली त्याच्या नावावर सुटली की २५ टक्के ताबडतोब, उरलेले साधारण १५ दिवसांत. आमच्या गॉगलवाल्यानं निदान शिंग तरी दाखवलं होतं.

ईबेचे संस्थापक पिएर ओमिडयार यांना हे शिक्षण मिळालेलं नसावं. १९९५ साली त्यांनी आपल्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर विकायला ठेवलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. तो बिघडलेला आहे, हे त्यांनी लिहूनही टाकलं. तरी तो १४.८३ डॉलरला गेला. घेणाऱ्याला त्यांनी पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला, मी बिघडलेलेच पॉइंटर जमवतो! आपल्याकडे असं कोणी लिहिलं असतं, तर यंत्राऐवजी त्याचंच डोकं तपासायला नेलं असतं.

इतकं सगळं करूनही तुमच्या बैलाला बोली आलीच, तर जरा जपा. पहिला फोन करणारा पुष्कळदा स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो. बैल बघत नाही, घासाघीस करत नाही, पैसे पाठवतो म्हणून थेट क्यूआर कोड धाडतो. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक पेठच्या बाजारात आजवर कोणी पाहिलंय? यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. तेव्हा पिन टाकायला सांगितलं की फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० वर तक्रार नोंदवा.