शिरस्तेदारसाहेबांचे कुक्कुटखाते

पानशेतच्या पुरानंतर पुण्याच्या पेठांतील बिऱ्हाडे मोडून जी मध्यमवर्गीय कुटुंबे पर्वतीच्या पलीकडच्या नव्या वसाहतींत राहावयास गेली, त्यांच्या वाट्याला घरामागची थोडी मोकळी जागा आली आणि तिचे करावयाचे काय, हा वाड्यात कधीच न पडलेला प्रश्नही आला. कोणी पपई लावली, कोणी तुळशीवृंदावन बांधले. परंतु ज्याची सारी हयात महसूल खात्यात शेरे मारण्यात गेली, त्या सेवानिवृत्त गृहस्थाचे समाधान पपईने होत नाही. पपईला हुकूम सोडता येत नाही आणि तिच्याकडून खुलासाही मागवता येत नाही. असा गृहस्थ यथावकाश कोंबड्या पाळतो.

आमच्या शेजारचे शिरस्तेदारसाहेब हे या वर्गाचे आदर्श प्रतिनिधी होत. पांढरी लेगहॉर्न अंडी अधिक देते हे ठाऊक असूनही त्यांनी तांबडी ऱ्होड आयलंडच पत्करली, कारण लेगहॉर्नच्या चालीत त्यांना उमेदवार कारकुनाची धांदल दिसली आणि ऱ्होड आयलंडच्या चालीत अव्वल कारकुनाचा भारदस्तपणा. खडकीच्या सरकारी केंद्रातून तलंगा घरी आल्या, त्याच दिवशी खुराड्याच्या दाराशी एक रोजकीर्द टांगली गेली. तीत प्रत्येक कोंबडीचे स्वतंत्र खाते, दाण्याचा जमाखर्च, राणीखेतच्या लसीची नोंद आणि शेवटी शेऱ्याचा रकाना होता. नोंदींची ही भूक पेशवे दफ्तरापासून आपल्या रक्तात आहे व इंग्रजी अमदानीने तिला केवळ खतपाणी घातले, असे माझे नम्र मत आहे.

परंतु कोंबडीची प्रकृती आणि कचेरीचे घड्याळ यांचे मूलतःच वाकडे. एक अंडे तयार होण्यास चोवीस तासांहून थोडा अधिक अवधी लागत असल्यामुळे आज सकाळी आठला अंडे देणारी कोंबडी उद्या नऊनंतर देते, परवा आणखी उशिरा, आणि असे करता करता दुपार टळू लागली की एक दिवस सरळ खाडा करते. हा सृष्टिक्रम साहेबांस कोणी सांगितला नव्हता असे नव्हे. परंतु ज्या खात्यात त्यांची हयात गेली, तेथे ‘प्रकृतीचा नियम’ ही सबब कधीच मंजूर झालेली नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात आधी ‘उशीर’, मग ‘ताकीद दिली’ आणि अखेरीस ‘गैरहजर, विनापरवाना’ असे उतरत गेले. ताकीद ते खरोखरच देत. खुराड्यापुढे हात मागे बांधून, संयत स्वरात. कोंबड्याही मान तिरकी करून, एका डोळ्याने, बऱ्याच लक्षपूर्वक ऐकत.

एकदा तीन क्रमांकाची कोंबडी खुडूक होऊन रिकाम्या घरट्यात ठाण मांडून बसली, अंग फुलवून जवळ येणाऱ्यावर चोच उगारू लागली आणि अंडी देणे तिने साफ बंद केले, तेव्हा साहेबांनी या प्रकारास ‘बैठा सत्याग्रह’ असे नाव देऊन टिपण लिहावयास घेतले. त्यांच्या पत्नी माईंनी पदराला हात पुसत एवढेच म्हटले, “अहो, तिला पिल्लं हवीत. कागद नकोत.” आणि कोठूनशी फळलेली अंडी मागवून तिला रवणीला बसवले. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर आली; रोजकीर्दीत ती ‘आवक’ म्हणून जमा झाली.

माईंविषयी येथे दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. त्यांच्या सोवळ्यात अंड्याला थारा नाही. घरातील मंडळींचे आम्लेट मागच्या पडवीत, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या तव्यात होते आणि तो तवा आत येत नाही. तथापि, अंड्याचे कवच मऊ येऊ लागले की दाण्यात शिंपल्यांचा चुरा मिसळणे, पाणी बदलणे, मध्यरात्री कलकलाट झाला की कंदील व काठी घेऊन बोक्याला पिटाळणे, ही सर्व कामे त्याच करतात. साहेब उजाडल्यावर पंचनामा करतात.

पुढे वर्षे लोटली, तशी अंडी घटली. सामिष घरात या प्रश्नाचा निकाल एका रविवारी लागतो. येथे तो मार्ग नव्हता, आणि स्वतः दर महिन्याच्या आरंभी ट्रेझरीत पेन्शन घेण्यास जाणाऱ्या साहेबांस सेवा संपलेल्या कर्मचाऱ्याचा दाणा तोडणे प्रशस्त वाटेना. तेव्हा एकेका कोंबडीस पूर्ण दाण्यावर निवृत्त करण्याचे रीतसर हुकूम निघाले. हळूहळू सारे खुराडेच पेन्शनीत निघाले आणि रोजकीर्दीत रोज शून्य पडू लागले. साहेबांचे जेवण कमी झाले, संध्याकाळचे फिरणे बंद पडले, ते चिडचिड करू लागले. हे सुनेने हेरले आणि वाण्याकडून आणलेले एक अंडे पहाटे गुपचूप घरट्यात ठेवले.

त्या सकाळी साहेब बऱ्याच दिवसांनी खुशीत रोजकीर्द घेऊन बसले. अंडे त्यांनी उजेडात धरले, उलटसुलट करून पाहिले, आणि टाक दौतीत बुडवून शेरा लिहिला: “कोंबडी तांबडी, अंडे पांढरे. घरातील सर्व इसमांचे जबाब घ्यावेत.”