चेहरा सोडून सगळं दिसतंय

"वहिनी, चष्मा घेऊन या हो जरा कुंपणाशी. मुक्तानं फोटो पाठवलेत व्हॅलेन्सियाहून."

"मुक्ता म्हणजे तुमच्या धाकट्या जाऊबाईंची? स्पेनला गेलेली?"

"तीच. फोटोग्राफी शिकतेय ना. एका मॉडेलचे फोटो काढलेत. पुरुष मॉडेलचे."

"अगंबाई! द्या इकडं. भिंतीवरून द्या, तारेला हात लागेल... हे काय? डोळा आहे का हा एवढा मोठा?"

"डोळाच. हेमिस्फेरिक म्हणतात त्याला, आत मोठ्या पडद्याचं थिएटर आहे. १९९८ ला उघडलं. खाली पाणी दिसतंय ना? अर्धा डोळा बांधलाय, उरलेला अर्धा पाण्यात दिसतो. कालात्राव्हा म्हणून आर्किटेक्ट आहे, त्याच गावचा."

"ते राहू दे. मॉडेल कुठाय?"

"हा काय, डाव्या पापणीखाली."

"हा होय? मला वाटलं खांबाला डाग पडलाय! मोठं करा की जरा."

"केलं हो. नुसते चौकोन चौकोन होतात. मी म्हटलं तिला, अगं, मुलगा कुठाय यात? तर म्हणते, काकू, शेजारी माणूस असल्याशिवाय बिल्डिंग केवढी आहे ते कळत नाही."

"म्हणजे पैसे मॉडेलचे द्यायचे आणि काम गजपट्टीचं करून घ्यायचं!"

"हसू नका. जाऊबाईंनी मला कामाला लावलंय. दर फोनला म्हणे ह्याच मुलाचं नाव. वहिनी, फोटोवरून मुलगा कसा वाटतो ते सांगा, म्हणाल्या. आता ह्या डागावरून मी काय सांगू?"

"आपल्या वेळी बरं होतं. मॉडेल म्हटलं की आधी चेहरा. मिलिंद सोमण आठवतो का? 'मेड इन इंडिया' लागलं की तुम्ही पोळी तव्यावर टाकून बाहेर यायचा."

"करपायच्या त्या हे मुकाट्यानं खायचे. बरं, हा दुसरा बघा."

"हा पाठमोरा. आणि पाठीला हे काय? कपड्यांचे चिमटे?"

"हा तिच्या मैत्रिणीनं गंमत म्हणून काढलाय. कोट ढगळ होता, म्हणून मागून चिमटे लावून आवळला. तिकडं काय, इकडं काय, सगळीकडं असंच करतात म्हणे. समोरून बघाल तर अंगावर शिवल्यासारखा."

"समोरून नवरदेव आणि मागून वाळत घातलेला!"

"भल्या पहाटे बोलावते बिचाऱ्याला. ऊन चढलं की ह्या पांढऱ्या भिंती डोळ्यांवर येतात आणि तोंड काळं पडतं. वारा सुटला की पाणी हलतं, मग पाण्यातली बिल्डिंग फुटते. कॅमेरा वर उचलायचा नाही, नाहीतर खांब मागं पडल्यासारखे दिसतात. मुलाला कडेला उभा करायचा नाही, त्या भिंगात कडेचं माणूस ताणलं जातं. काय नि काय. तो आपला उभा."

"सहनशील आहे म्हणायचा. हे एक टिपून ठेवा, जावयाला लागतं. पण ह्या भिंती कशाच्या हो, एवढ्या चकचकीत?"

"फरशीच्या तुकड्यांच्या. फोडून बसवतात एकेक, त्रेंकादिस म्हणतात. आणि हे मागं शिरस्त्राणासारखं दिसतंय ना, ते ऑपेरा हाऊस. २००५ ला उघडलं आणि २०१३ च्या डिसेंबरात वाऱ्यानं ते तुकडे गळायला लागले की!"

"आठ वर्षांत?"

"आठ वर्षांत. बंद ठेवलं, सगळ्या फरशा सोलून काढल्या आणि नव्यानं बसवल्या. खर्च तर आधीच ठरल्याच्या कितीतरी पट झालेला. गावात बोंबाबोंब."

"आणि आमच्या बाथरूमच्या दोन फरशा उचकटल्या तर हे त्या गवंड्याला अजून शिव्या घालतात. पाण्यात बांधल्यावर ओल येणारच म्हणा."

"पाणी उथळ आहे हो, मुद्दाम केलेलं. पण जागा नदीचीच. तुरिया नदीचं पात्र. १९५७ साली मोठा पूर आला, तेव्हा त्यांनी नदीच शहराबाहेरून वळवली. जुन्या पात्रात नऊ किलोमीटरची बाग केली आणि टोकाला हे सगळं उभं केलं."

"नदी वळवली? आपल्या कृष्णामाईला वळवून बघा म्हणावं. २०१९ ला गावभागात माझ्या नणंदेच्या माळ्यापर्यंत पाणी होतं. पण थांबा, मध्ये टीव्हीवर दाखवत होते तो पूर तिथलाच ना? गाड्या एकावर एक चढलेल्या?"

"२०२४ चा ऑक्टोबर. दक्षिणेकडची गावं बुडाली, दोनशेच्या वर माणसं गेली. जुनं शहर त्या वळवलेल्या पात्रामुळं वाचलं. मुक्ता तेव्हा तिथंच होती. फोन लागेपर्यंत जाऊबाई आमच्या सोप्यावर बसून होत्या, पाणीसुद्धा घेतलं नाही."

"कसं घेतील? आपल्याला माहीत आहे पाणी चढतं म्हणजे काय ते."

"..."

"बरं, मुलाचा एक तरी धड फोटो असेल की."

"शेवटी हट्टच धरला मी. म्हटलं, बिल्डिंग नको, पाणी नको, नुसता चेहरा पाठव. हा बघा."

"गॉगल!"

"गॉगल. आणि काचांत बघा काय दिसतंय."

"कमानी. पांढऱ्या कमानीच कमानी! अहो, ही मुलगी मुद्दाम करतेय. तिला कळलंय तुम्ही कशासाठी मागताय ते."

"मलाही तेच वाटतं. आता जाऊबाईंना काय कळवू?"

"कळवा, उंची चांगली आहे, नाकही सरळ दिसतं. बाकी एकदा चिमटे काढून कोट घालायला सांगा, मग बोलू."