चहाची शिट्टी

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर जाळी बसवून द्यायचं बिल्डरनं कबूल केलं होतं, ते राहूनच गेलं आणि बरंच झालं. आता त्या भिंतीवर माझं मेथीचं ताट असतं आणि वहिनींचं कोपर. वहिनींचं माहेर वाळवा तालुक्यातलं पेठ. तीस वर्षं पिंपरी-चिंचवडात काढली, तरी बोलणं अजून तिकडचंच.

परवा ताटातली एक जुडी स्वतःकडे ओढत म्हणाल्या, "काल लेकीनं ‘चंदू चॅम्पियन’ लावला हुता. आमच्या गावच्या मुरलीकांत पेटकरांचा. बघितलासा?"

"बघितला की. 2024 च्या जूनमध्ये आला तेव्हाच."

"रडलासा कुठं?"

"तलावात जिंकतात तिथं."

"तिथं काय रडायचं? जिंकलाय की बाप्या!" वहिनींनी एक पिवळं पान झटकलं. "मला रडू आलं ते चहाच्या शिट्टीपाशी."

शिट्टीची गोष्ट पेटकरांनीच अनेकदा सांगितली आहे. 1965 चं युद्ध, सियालकोटची आघाडी. ते लष्कराच्या ईएमई विभागातले, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारे जवान. वय विशीतलं. हवालदारानं शिट्टी मारली ती धोक्याची, पण काहींना वाटलं चहाची. पोरं बाहेर आली आणि वरून विमानांचा मारा सुरू झाला. पेटकरांना गोळ्या लागल्या, वर एक गाडी अंगावरून गेली. त्यातली एक गोळी मणक्यात राहिली ती राहिलीच.

"चहासाठी हो," वहिनी म्हणाल्या. "आमचे आबा पण फौजेतनं आल्यावर चहा म्हटलं की आधी आभाळाकडं बघायचे. आम्ही हसायचो. आता कळतंय."

वहिनींचे आबा हा वेगळाच विषय आहे, आणि वहिनी तो दर दोन दिवसांनी काढतातच. आबा पस्तिशीच्या सुमाराला पेन्शन घेऊन गावी आले. पस्तीस हे काय बसून राहायचं वय आहे? मग एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन वीस वर्षं उभे राहिले. त्या पगारावर तिन्ही लेकींची लग्नं झाली. पहाटे चारला उठून वाकळेची अशी घडी घालायचे की कोपऱ्याला कोपरा जुळलाच पाहिजे. वहिनींच्या आईला त्या घडीचा वैताग यायचा. आबा गेल्यावर मात्र ती तशीच घडी घालू लागली म्हणे. सांगली-साताऱ्याकडं फौजेतनं परतलेल्यांचं हे घरोघरचं. लोक शौर्याचं बोलतात. त्या माणसानं नंतर काय केलं, ते विचारत नाहीत.

मी म्हटलं, "पण पेटकरांचं तसं नाही ना, ते तर सुवर्णपदकवाले."

"त्येच सांगतीया की!"

मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात त्यांना पाण्यात उतरवलं ते उपचार म्हणून. आधी ते मुष्टियोद्धे. कमरेखालचं अंग लुळं पडल्यावर तो खेळ सुटला, म्हणून पोहणं धरलं. 1968 मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला टेबल टेनिस खेळून आले. पुढे 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहले. विश्वविक्रम आणि सुवर्णपदक. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. तोवर ऑलिम्पिकमध्येसुद्धा एकट्याच्या खेळात स्वतंत्र भारताकडं होतं ते गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं 1952 चं एक कांस्य. तेही शेजारच्या कऱ्हाड तालुक्यातलं. इथं वहिनींची मान जरा ताठ होते. व्हायचीच.

"पदक आणलं. मग पुढं?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "पदकावर चूल पेटती व्हय?"

पेटकरांबद्दल असं सांगतात, की युद्धानंतर टाटांकडून जखमी जवानांना मदत देऊ केली गेली, तेव्हा हे म्हणाले, मदत नको, काम द्या. आणि मग टाटांच्याच टेल्को कंपनीत सुमारे तीस वर्षं नोकरी केली. मणक्यात गोळी असलेल्या माणसानं तीस वर्षं! माझी कंबर धरली तर मी तीन दिवस भांड्यांना हात लावत नाही.

एवढ्यात वहिनींचे यजमान पेपर घेऊन बाहेर आले. तेही टेल्कोतून निवृत्त झालेले. मी लगेच विचारलं, "भाऊजी, तुमची कधी गाठ पडली का हो पेटकरांशी?"

"नाही हो. हजारो माणसं तिथं. शिफ्टला आलं, कार्ड पंच केलं, कामाला लागलं. कार्डावर कुठं लिहिलेलं असतं सुवर्णपदक म्हणून?"

भाऊजी क्वचितच बोलतात, त्यामुळे आम्ही दोघी गप्प झालो. मला वाटतं, सिनेमावाल्यांचाही नाइलाज असणार. गोळी दाखवता येते, तलाव दाखवता येतो. रोज सकाळी उठून कामावर जाणं, महिन्याच्या शेवटी पगार घरी आणणं, पोराबाळांचं करणं, हे दाखवायला तीन तास कसे पुरणार? आणि बघणार तरी कोण? पण वहिनींच्या आबांना आणि पेटकरांना एका ओळीत बसवायचं तर ती ओळ हीच आहे. पदकापाशी आबा कुठले यायला.

"आन् सरकारनं काय केलं?" वहिनी मेथी सोडून आता भिंतीवर वाकल्या होत्या. अर्जुन पुरस्कारासाठी पेटकरांनी ऐंशीच्या दशकात मागणी केली, ती फेटाळली गेली. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. सिनेमा आला, लोकांना आठवण झाली. मग जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रपती भवनात कारकिर्दीसाठीचा अर्जुन पुरस्कार. काठ्यांच्या आधारानं पुढं गेले आणि सभागृह उठून उभं राहिलं. मी टीव्हीवर पाहिलं होतं.

"तवा वय काय त्यांचं?"

"जन्म 1944 चा. ऐंशी."

"ऐंशी," वहिनी म्हणाल्या आणि निवडलेली मेथी, माझी आणि त्यांची, सगळी स्वतःच्या पदरात घेऊन आत गेल्या.